गाडी कोणाच्या नावावर

नेस्रिनने ओल्या रुमालाने दुरूचे केस मागे चोपून बसवले, टाळूवर तळवा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पासपोर्ट उघडून बाळाच्या गालाशेजारी धरला. फोटोतलं बाळ दीड महिन्याचं होतं. टक्कल, सुजल्यासारख्या पापण्या, कुणाचंही असावं असं. मांडीवरच्या दुरूला दहा महिने झाले होते, चार दात आले होते, आणि हात काढला की तिचे काळेभोर केस पुन्हा उभे राहत होते.

"दिसत नाहीये ती तशी," नेस्रिन म्हणाली.

"दहा महिन्यांचं पोर दीड महिन्याच्या फोटोसारखं दिसलं असतं तर डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं," वेदात म्हणाला. त्याने गाडी दोन हात पुढे घेतली आणि पुन्हा इंजिन बंद केलं.

हंगेरीच्या शेवटच्या नाक्यावर रांगेतला हा तिसरा तास. पुढेमागे, डावीउजवीकडे सगळ्या सुट्टीला तुर्कस्तानात निघालेल्या आपल्याच लोकांच्या गाड्या. नंबरपाट्या जर्मनीच्या, हॉलंडच्या, ऑस्ट्रियाच्या. टपांवर दोरीने आवळलेल्या सायकली आणि गाद्या, खिडक्यांतून बाहेर आलेले अनवाणी पाय. सासूबाई पुढच्या सीटवर मुलाशेजारी बसून, मांडीवर कागदी पिशवी घेऊन सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या. सालं पिशवीत, नजर रांगांवर. तासाभरापूर्वीच त्यांनी सांगितलं होतं, चौथ्या रांगेत जा, तिथला साहेब निवृत्तीला आलेला दिसतोय, खुर्चीतून उठायचा नाही. वेदात हसला होता आणि गेला नव्हता. त्यांच्या मागून येऊन चौथ्या रांगेत घुसलेली पिवळी व्हॅन केव्हाच पलीकडे निघून गेली होती.  सासूबाईंनी एक बी जरा जोरात फोडली, एवढंच.

नेस्रिनने फाइल पुन्हा उघडली. चार पासपोर्ट. वास्तव्याची कार्डं. गाडीचं नोंदणीपत्र, विम्याचं हिरवं कार्ड, दुरूचा जन्मदाखला आणि लसींची वही. त्यामागे प्लास्टिकच्या पिशव्यांत बाकीचं सगळं. न्युर्नबर्ग सोडल्यापासून तिने हे किती वेळा मोजलं होतं याची मोजदाद नव्हती. एस्किशेहिरला रसायनशास्त्र शिकून, लग्न करून ती जर्मनीत आली, तेव्हापासून या घरात येणारं प्रत्येक सरकारी पाकीट तिनेच फोडलं होतं. कागद हवा असला की नेस्रिनला विचारा, असं घरात ठरूनच गेलेलं. एवढ्या वर्षांत एकही कागद हरवला नव्हता, एकही तारीख चुकली नव्हती.

पण आज ती फाइल पुन्हा पुन्हा उघडत होती ते कागदांमुळे नव्हे. सासूबाईंना सांगितलं होतं की आपण सुट्टीसाठी गावी चाललोय. वेदातला आणि नेस्रिनला माहीत होतं की ऑगस्टअखेर गाडी परत फिरेल तेव्हा पुढची सीट रिकामी असेल. योझगातजवळच्या गावातल्या घरावर वेदातने नवं छप्पर घातलं होतं, नवा फ्रिज घेतला होता, शेजारच्या बाईला दिवसातून दोनदा डोकावायला सांगून ठेवलं होतं. पहिले पंधरा दिवस जाऊ देत, रुळली की सांगू, असं त्याचं म्हणणं. आपलं गाव कुणाला नको असतं? सासूबाईंना मात्र कुणी विचारलं नव्हतं. तेहतीस वर्षं त्या जर्मनीत होत्या. सासरे गेल्यावर भाड्याचं घर सोडून त्या मुलाकडे आल्या, अडीच खोल्यांत. आणि त्यातल्या ज्या अर्ध्या खोलीत दुरूचा पलंग लागायचा होता, तिथे त्यांचा लागला.

आणि हे सगळं सुरू केलं होतं नेस्रिननेच. फेब्रुवारीत दोनदा शेगडी चालू राहिली होती. एकदा तर दुरू पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना रिकामं भांडं करपून घरभर धूर झाला. त्यानंतर नेस्रिन वेदातला म्हणाली होती की या घरात एक तर त्या राहतील, नाहीतर मी आणि बाळ. पहिल्या वेळी शेगडी सासूबाईंकडूनच राहिली होती. दुसऱ्या वेळी कोणाकडून, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. पण तोवर बोलून झालं होतं, आणि वेदात एकदा कामाला लागला की थांबत नसे.

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने दुरूचा पासपोर्ट उघडला आणि मिटला. मागच्या सीटकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्याने सासूबाईंचं कार्ड उचललं, उलटसुलट केलं, उजेडात धरलं.

"नोव्हेंबरात मुदत संपतेय," तो जर्मनमध्ये म्हणाला.

वेदातची स्टिअरिंगवर ताल धरणारी बोटं थांबली.

"नोव्हेंबर, हो," सासूबाई त्यांच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "मी ऑफिसात जाणार. नवीन फोटो, नवीन कार्ड." मग मान किंचित मागे वळवून, आपल्या भाषेत, "दुरूचाही फोटो काढून घेऊ तेव्हाच. एका फेरीत दोन्ही कामं."

"हो, आई," नेस्रिन म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला की नाही, तिला कळलं नाही.

सर्बियाच्या शिक्क्याला वेळ लागला नाही. पुढे सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना मका आणि मान टाकलेली सूर्यफुलं. गाडीने वेग घेतला तशा सासूबाई बोलत्या झाल्या. सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा याच रस्त्याने कशा गेल्या, व्हॅनमध्ये सीट काढून गादी कशी घातली होती, गादीवर तीन पोरं, दोन दीर आणि एक शिलाई मशीन. कस्टमवाल्यासाठी कॉफीची दोन पाकिटं पुढेच ठेवायची, काढायला वेळ लागला तर तो चिडतो. हे सगळं नेस्रिनने पूर्वीही ऐकलं होतं, पण आज ती वेगळं ऐकत होती. गावांची नावं बरोबर येतायत का, साल चुकतंय का, एकच गोष्ट दोनदा येतेय का. तिला सासूबाईंचा फक्त मागचा भाग दिसत होता, डोक्यावरच्या रुमालाची कड आणि त्याखालची बारीक मान. त्या मानेकडे ती परीक्षेच्या पेपरकडे पाहावं तशी पाहत होती.

"आमच्या वेळी रस्ता एवढाच होता, देश कमी होते," सासूबाई म्हणाल्या. "ही माणसं आपसात भांडली आणि शिक्के आमचे वाढले."

वेदात मोठ्याने हसला. कालपासून तो आईच्या प्रत्येक बोलण्यावर जरा जास्तच हसत होता.

मुक्काम निश शहराच्या अलीकडे एका मोटेलात झाला. सकाळी झाडाखालच्या बाकावर त्यांनी न्याहारी मांडली. ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी, घरून आणलेला तिळाचा पाव. कोणत्या पंपावरचा संडास स्वच्छ असतो ते सासूबाईंना आठवत होतं. दुरूचं टोपडं कोणत्या पिशवीत आहे तेही. उठताना नेस्रिनला दिसलं की थर्मासचं झाकण लावायचं राहिलंय आणि चहा निवून गेलाय. तिचं मन लगेच सासूबाईंवर जाऊन बसलं. पाहा, हे असंच. मग आठवलं, शेवटचा पेला तिने स्वतःच भरला होता. तिने झाकण गच्च पिळलं आणि कुणी पाहिलं नाही ना ते पाहिलं. सासूबाई बाकावरचे तुकडे चिमण्यांना टाकत होत्या.

बल्गेरियाच्या नाक्यावर मात्र त्यांना बाजूला घेतलं. टपावर सामान नाही, मागे मात्र गाडी खाली दबलेली. तिथला कस्टमवाला तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने बोटाने डिकी दाखवली. सगळं खाली काढा.

वेदात एकेक बॅग डांबरावर ठेवू लागला. ऊन चढलं होतं. नेस्रिन दुरूला कडेवर घेऊन गाडीच्या सावलीत उभी राहिली, आणि चौथी बॅग बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही उघडायला लावणार. बॅग तिनेच भरली होती. कुलूप लावायला ती विसरली नव्हती, पण किल्ली वेदातकडे होती आणि तो किल्ली काढतही होता.

कस्टमवाल्याने झाकण वर केलं. सगळ्यात वर सासूबाईंचा हिवाळ्यातला कोट होता, करडा, लोकरीचा. त्याखाली लोकरीचं अस्तर असलेले बूट. त्याखाली रक्तदाबाच्या गोळ्यांची वर्षभर पुरतील एवढी खोकी, रबर लावून गठ्ठा केलेली. कोटाच्या खिशांत हात घालून माणसाने चाचपलं, गोळ्यांची खोकी मोजल्यासारखी केली, सासूबाईंच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं आणि मान हलवली. घाला आत.

 ऑगस्ट महिना. बाहेर पस्तीस अंश होते आणि डांबरावर लोकरीचा कोट पडला होता.

सासूबाई पुढे झाल्या. खाली वाकताना गुडघा दुखतो म्हणून त्यांनी एक हात गाडीला लावला. कोट उचलला, झटकला, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली, जशी त्या दुकानातून आणलेल्या कपड्याची घालत.

"बरं केलंस घेतलास ते," त्या नेस्रिनला म्हणाल्या. "गावाकडे रात्री गार वारं सुटतं."

"हो," नेस्रिन म्हणाली. दुरूने तिच्या कानातली रिंग धरून ओढली. लागलं ते बरं वाटलं.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. वेदातने रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. नेस्रिनने दुरूच्या पायाला हात लावून पाहिला, कपाळाला लावून पाहिला, नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. बाळ गाढ झोपलं होतं. प्लोव्दिव्ह मागे पडलं. त्यांना कळलंय, तिच्या मनात येत होतं. आणि लगेच दुसरं, कळलं असतं तर बोलल्या नसत्या का? आपण असतो तर गाडीतून उतरलो असतो. पण कुठे उतरलो असतो, कोणाकडे गेलो असतो, हे काही तिला सुचेना.

तुर्कस्तानच्या नाक्यावर, कापिकुलेला पोचले तेव्हा दुपार कलली होती. फाटकावरचा झेंडा दिसताच शेजारच्या रांगेत कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दहा जणांनी. एका गाडीतून टाळ्या ऐकू आल्या. वेदातनेही दोनदा हॉर्न दाबला, सवयीने. पोलिसांच्या खिडकीवर काम पटकन झालं. चार शिक्के, एक 'घरी आलात, स्वागत', आणि पासपोर्ट परत. आता फक्त कस्टमची खिडकी, जिथे परदेशी पाटीची गाडी देशात आल्याची नोंद होते.

तिथला अधिकारी पन्नाशीचा होता. समोर चहाचा पेला, त्यात साखर ढवळत त्याने नोंदणीपत्र वाचलं.

"हासिबे कारादुमान. कोण?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात त्यांचा पासपोर्ट होता. पोलिसांच्या खिडकीतून परत आलेले बाकीचे तीन फाइलमध्ये आले होते. चौथा आला नव्हता, हे नेस्रिनच्या आत्ता लक्षात आलं. मोजायचं राहिलं होतं. तिचं, मोजायचं राहिलं होतं.

"गाडी माझी आहे, साहेब," सासूबाई म्हणाल्या, आणि मुलाच्या छातीसमोरून हात लांब करून त्यांनी पासपोर्ट खिडकीत ठेवला. "माझ्या नावावर चढवा."

वेदात हसला. "अगं आई, तू काय गाडी चालवणार? साहेब, माझ्यावर चढवा. दरवर्षी माझ्यावरच असते."

"दरवर्षीची गाडी तुझी असेल, भाऊ. ही मावशींची आहे."

मग वेदातने सांगितलं की ती नुसती कागदावर आईची. सासऱ्यांनी चौतीस वर्षं एकही अपघात केला नव्हता, त्याची विम्यातली सूट त्यांच्यामागे फक्त बायकोला मिळते, म्हणून ही गाडी घेताना आईचं नाव लावलं. तिकडे सगळेच असं करतात. अधिकाऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. त्याने ते आज सकाळपासून पाच वेळा तरी ऐकलं असावं.

"विम्यात वाचलं ना, छान झालं," तो म्हणाला. "पण गाडी ज्याच्या नावावर आत येते, त्यानेच ती बाहेर न्यायची. चालव तू खुशाल, पण मावशी शेजारी बसलेल्या हव्यात. मावशी नसतील तर गाडी या फाटकातून बाहेर जायची नाही. कधी परतणार?"

"ऑगस्टअखेर."

"सगळे?"

साधा प्रश्न होता. मागच्या गाडीतल्या माणसाने रेडिओवरचं गाणं मोठं केलं. वेदातच्या मानेवर, कॉलरच्या वर, लाली चढताना नेस्रिनला दिसली. त्याला आत्ता कळत होतं. विम्याचा हिशेब त्याने तीनदा केला होता, फाटकाचा एकदाही नाही.

"मुखत्यारपत्र चालतं ना, साहेब?" तो म्हणाला. "आईने मला लिहून दिलेलं?"

"दूतावासाचा शिक्का असेल तर चालतं. एका मिनिटात तुझ्या नावावर करतो."

वेदातने खांदे सैल सोडले आणि दोन सीटांच्या मधून हात मागे केला. "नेस्रिन, तो कागद दे. मे महिन्यात केलास तो."

तो कागद तिनेच केला होता. अशा कागदाची गरज पडेल हे वेदातच्या ध्यानीमनी नव्हतं. प्रवासाला काय काय लागतं ते तिने वाचून काढलं आणि नियम तिच्या नजरेत आला. न्युर्नबर्गच्या वाणिज्य दूतावासाची वेळ घेतली, सासूबाईंना ट्रामने घेऊन गेली, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. परत येताना ट्राममध्ये सासूबाईंनी विचारलं, या कागदाने काय होतं गं? नेस्रिन बाबागाडीचा ब्रेक लावत होती. मान वर न करता तिने सांगून टाकलं, तुम्ही बरोबर नसलात तरी वेदातला गाडी परत आणता येईल. बोलली आणि जीभ चावली. सासूबाई 'अस्सं' म्हणाल्या. मग पुढच्या थांब्यापर्यंत बाहेर पाहत राहिल्या, आणि उतरताना दुरूच्या पायातला निसटलेला मोजा त्यांनी वर ओढला.

म्हणजे मे महिन्यापासून त्यांना कळलेलं होतं. तीन महिने त्यांनी त्याच स्वयंपाकघरात भाजी चिरली होती, दुरूला आंघोळ घातली होती, नेस्रिनच्या भावाच्या लग्नासाठी टेबलक्लॉथ विणला होता.

वेदातचा हात दोन सीटांच्या मधे वाट पाहत होता. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. आरशातही नाही. त्या समोरच्या काचेतून पलीकडे, फाटकाच्या दिशेने पाहत होत्या, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. रुमालाखालच्या त्या मानेवर घाम होता. नेस्रिनला एकाएकी वाटलं की आपण काही बोलण्याआधी या वळल्या, एक शब्द जरी बोलल्या, तर आपण कागद देऊन टाकू. त्या वळल्या नाहीत.

तिने फाइल उघडली. कप्प्यांना रंगीत चिठ्ठ्या होत्या, तिच्याच अक्षरात. गाडी. हिरवी चिठ्ठी. विम्याच्या कागदाखाली अंगठ्याला तो लागला. शिक्क्याचा उठाव प्लास्टिकवरूनही जाणवत होता. धुराने भरलेलं घर तिला आठवलं, आणि पाळण्यात जागं होऊन खोकणारं बाळ. अंगठा तिथेच राहिला. मग तिने दोन कागद एकत्र धरून उलटले. पुढचा कप्पा पाहिला, त्याच्या पुढचा, शेवटचा.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"घरी राहिला. खणात."

वेदात सीटवर पूर्ण वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो नंतर येणार होता. आत्ता नुसतं नवल होतं, जसं घरातलं घड्याळ उलटं चालायला लागलेलं पाहावं.

"नीट बघ."

"बघितलं."

अधिकाऱ्याने फाइलकडे पाहिलं, तिच्यातून डोकावणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग नेस्रिनकडे. तिने नजर हलवली नाही, फक्त दुरूचं झबलं सारखं केलं. त्याने चहाचा एक घोट घेतला.

"लहान मूल बरोबर असलं की राहतं काहीतरी," तो म्हणाला आणि टाइप करायला लागला. एकेक कळ मोजून दाबावी तसा, दोन बोटांनी. मग पासपोर्ट पुढे केला, वेदातच्या हातात नव्हे, त्याला ओलांडून. "झालं, मावशी. गाडी तुमच्यावर चढली. मुलाला किल्ली द्यायची की नाही ते आता तुम्ही बघा."

"सरळ वागला तर देईन," सासूबाई म्हणाल्या.

फाटकाचा दांडा वर गेला. वेदातने एकामागून एक गिअर बदलले. उजवीकडे सूर्यफुलांची शेतं, इथली काळी पडलेली, कापणीला आलेली. लांबवर एदिर्ने शहरातल्या मशिदीचे मिनार.

"तू विसरलीस," वेदात शेवटी म्हणाला.

"हो."

"तू."

"हो, मी विसरले."

त्याने आरशात तिच्याकडे पाहिलं, मग डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजव्याने मान चोळली. नेस्रिनने फाइल बंद करून पायाशी ठेवली. तळवे स्कर्टला पुसले. आता घरी परतल्यावर पुन्हा त्याच अडीच खोल्या, पुन्हा तीच कान देऊन झोप, उठून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाहणं. यातलं काहीएक कमी झालं नव्हतं.

सासूबाईंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. चेन लावली. काच थोडी खाली केली, तशी वाऱ्याने रुमालाची कड उडायला लागली, आणि एका हाताने ती धरून त्या बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

"परत निघताना शनिवार नको," मग त्या म्हणाल्या. "शनिवारी सगळा जर्मनी निघतो. बुधवार बरा."

वेदातने इंडिकेटर देऊन पुढचा ट्रक ओलांडला.

"बुधवार चालेल, आई," नेस्रिन मागून म्हणाली.